मान तिनं आधी धरली

मला माझ्या मुलीचा हेवा वाटायचा. ती तेव्हा अकरा दिवसांची होती.

हसा खुशाल. हे मी मोबाईलवर एका बोटानं टाइप करतोय. फिजिओथेरपीच्या मॅडमनी सांगितलंय, रोज अर्धा तास उजव्या हाताचं बोट चालवायचं, काय लिहायचं ते तुमचं तुम्ही बघा. म्हटलं, लिहायचंच आहे तर खरं लिहू. मला जीबीएस झाला होता. पायापासून मानेपर्यंत सगळं बंद पडलं आणि मग महिन्यामहिन्यानं थोडं थोडं परत आलं, अजून येतंय. तुमच्या घरी कोणाला हा आजार झाला असेल तर औषधाचं डॉक्टर सांगतील. मी दुसरं सांगतो. अंथरुणावर पडलेला माणूस किती हलकट होऊ शकतो ते सांगतो. आणि मी माझ्याच पोरीचा बाप्तिस्मा पाच महिने कसा अडवून धरला, तेही सांगतो.

दोन मोजे

चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत मी क्वालिटीला आहे. माझं काम म्हणजे माल तपासायचा आणि जमला नाही तर लाल पेटीत टाकायचा. लाइनवरची पोरं मला मागून ‘लाल पेटी’च म्हणतात, मला माहीत आहे. मला त्याचा राग नाही, उलट जरा अभिमानच आहे.

आधी पोट बिघडलं होतं, ते आठवड्यात बरं झालं. मग एक दिवस सेफ्टी शूजमध्ये दोन-दोन मोजे घातल्यासारखं वाटायला लागलं. बूट काढून पाहिले, मोजा एकच. दुसऱ्या दिवशी कंपनीच्या बसमधून कासारवाडीला उतरताना पाय पायरीवर पडलाच नाही, मी सरळ खाली. माझा धाकटा भाऊ प्रकाश टेम्पो चालवतो, तो टेम्पो घेऊन आला आणि मला उचलून घरी नेलं. म्हणाला, “दादा, ओव्हरटाइम बंद कर राव जरा.” तिसऱ्या दिवशी जेवताना हातातून चमचा पडला. आईनं उचलून दिला. परत पडला. मग आईनं तो उचलला नाही, नुसती माझ्याकडे बघत बसली.

हॉस्पिटलमध्ये पाठीत सुई घालून पाणी काढलं, हातापायांना करंट देऊन बघितलं. संध्याकाळी डॉक्टर म्हणाले, “जीबीएस आहे. आपल्याच अंगातली ताकद आपल्याच नसांवर उलटते. बहुतेक लोक यातून उठतात.”

“किती दिवसांत?”

“ते विचारू नका.”

बायको, अनिता, पलंगाच्या पायाशी उभी होती. तिला नववा महिना लागला होता. लग्नाला नऊ वर्षं झाल्यावर दिवस राहिले होते. ती एका हातानं पलंगाचा दांडा धरून होती आणि दुसरा हात पोटावर होता. मला तेव्हाच, पहिल्याच दिवशी, एक विचार आला. लाज वाटते, पण सांगतो. मला वाटलं, दोन्ही हात दांड्यावर का नाहीत?

भेटीची दहा मिनिटं

पाचव्या दिवशी श्वास अपुरा पडायला लागला. घशात नळी गेली, पुढं घशालाच भोक पाडून तिथून नळी घातली. बोलणं बंद. पापणी तेवढी हलायची. एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. डोकं मात्र अगदी साफ चालू होतं. खाज कळते, तहान कळते, शेजारच्या पलंगावरचा माणूस गेला ते कळतं. भीती सगळ्यात जास्त कळते. वीज गेली की जनरेटर सुरू होईपर्यंत मशीन बॅटरीवर चालतं हे मला चार वेळा सांगितलं होतं, तरी दर वेळी दिवा लुकलुकला की मी मनातल्या मनात निरोप घ्यायचो.

अशात पोरगी झाली. दुसऱ्या हॉस्पिटलमध्ये, सिझेरियन. अकराव्या दिवशी प्रकाश तिचा व्हिडिओ घेऊन आला.

आयसीयूत भेटीला दहा मिनिटं मिळायची. चोवीस तासांतली ती दहा मिनिटं माझी असायची. मी सकाळपासून घड्याळाच्या काट्यावर डोळे लावून बसायचो, म्हणजे पडायचो. आई यायची, कपाळावर हात ठेवायची, प्रार्थना करायची, माझं डोकं विंचरायची. त्या दिवसापासून आई आत यायची तीच मोबाईल पुढं धरून. “अवी, बघ, बघ कशी जांभई देते! अगदी तुझं नाक. बघ, हसली!” अकरा दिवसांचं पोर हसत नसतं, गॅस असतो तो. मी दोनदा पापणी मिटली. आईला वाटलं माझे डोळे भरून आले.

दहा मिनिटं संपली. माझं डोकं कोणी विंचरलं नाही.

रुग्णाच्या घरच्यांना हात जोडून सांगतो, भेटीच्या वेळेत पेशंटशी पेशंटबद्दल बोला. घरच्या आनंदाच्या बातम्या सांगा, पण शेवटच्या दोन मिनिटांत.

परमनंट

मला नक्की काय खुपत होतं ते कळायला माझा एक जुना हिशोब माहीत पाहिजे.

चाकणला आलो तेव्हा सात वर्षं कंत्राटी होतो. तेच काम, तोच घाम, पण कॅन्टीनचं कूपन वेगळ्या रंगाचं. सात वर्षं एक खाडा नाही, एक लेट मार्क नाही, तेव्हा कुठं परमनंट झालो. आमच्या पट्ट्यात माणसाची किंमत या एका शब्दावर ठरते. मुलगी बघायला गेलो तर सासऱ्यांनीही पहिला प्रश्न तोच विचारला होता.

आणि देवाच्या घरी मी याच पद्धतीनं राहिलो. आमचं घराणं नगरकडचं, आजोबांपासून ख्रिस्ती. मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, मी तेवीस वर्षं आहे. संडे स्कूल शिकवलं, खुर्च्या लावल्या, नाताळला स्टेजचे खिळे ठोकले, पुढं पंच झालो. आमच्याकडं मंडळीचा कारभार बघतात त्यांना पंच म्हणतात. पोरांना मी दर रविवारी शिकवायचो की देव प्रेम करताना आपली कामं बघत नाही, तो आधीच प्रेम करतो, फुकट करतो. आणि मनात म्हणायचो, ते खरं आहे, पण खुर्च्या कोणी लावल्या तेही वर बसून दिसतच असेल ना!

आता मी पडलो होतो. एक खुर्ची सोडा, तोंडावरची माशी हाकलता येत नव्हती. आणि ही पोरगी आली, जिनं आयुष्यात दूध ओकण्यापलीकडे काही केलं नव्हतं. मंडळीत तिच्यासाठी उपकारस्तुती झाली. प्रकाशनं कौतुकानं सांगितलं, “दादा, सगळी मंडळी उभी राहिली बघ. बायका रडल्या. नऊ वर्षांची प्रार्थना म्हणत होते सगळे. तुझ्यासाठी पण प्रार्थना झाली शेवटी.”

शेवटी! माझी सर्व्हिस तेवीस वर्षांची, आणि हिला पहिल्याच दिवशी परमनंट केलं. माझा जळून कोळसा झाला. आयसीयूत पडून मी देवाला विचारलं की हा कुठला न्याय. त्यानं उत्तर दिलं नाही. मला त्याचाही राग आला, कारण मला खात्री होती की तो तिकडं जांभया बघत बसलाय.

शमू

आयसीयूतून वॉर्डात आलो. अंघोळ घालायला जो मामा आला, त्याला बघून मी डोळेच मिटून घेतले. वॉर्डातल्या सगळ्या मदतनिसांना मामा म्हणतात. हा मामा शमुवेल होता, दापोडीचा, आमच्याच मंडळीतला शमू.

गेल्या वर्षी शमूला मुलगा झाला होता आणि त्याचा बाप्तिस्मा मी नाकारला होता.

झालं असं होतं. लोक बाळाच्या बाप्तिस्म्याला यायचे, फोटो काढायचे, बिर्याणी व्हायची, आणि मग ते जोडपं वर्षभर दिसायचं नाही. मी पंचांच्या बैठकीत नियम मांडला. आईबापानं सलग बारा रविवार उपासनेला हजर पाहिजे, आणि बाप्तिस्म्याच्या वेळी बापानं बाळाला स्वतःच्या हातात घेऊन उभं राहायचं. मी त्याचा तक्ताच बनवला, कंपनीत बनवतो तसा. पाळकसाहेब, म्हणजे आमचे पाद्री, म्हणाले, “अविनाश, हे जरा कडक नाही का होत?” मी म्हणालो, “साहेब, आधी चेक, मग शिक्का.” सगळ्यांना ते वाक्य आवडलं होतं.

शमूचे बारापैकी सात भरले. त्याची रविवारी ड्युटी असायची, आलटून पालटून. त्यानं मला सांगितलं होतं, “दादा, शिफ्ट हाय ओ, माझ्या हातात न्हाई.” मी! सतरा वर्षं शिफ्टमध्ये राबलेला माणूस! मी त्याला म्हणालो होतो, “नियम सगळ्यांना सारखा.” शमू ‘बरं’ म्हणाला आणि नंतर मंडळीत दिसला नाही.

आणि आता मी त्याच्यापुढं उघडा पडलो होतो. घशात नळी, तोंडातून आवाज नाही. मनात म्हटलं, झालं, सापडलो.

शमूनं पाण्यात कोपर बुडवून बघितलं. “थोडं थंड हाय,” म्हणाला आणि परत गरम पाणी आणायला गेला. आल्यावर त्यानं एक हात माझ्या मानेखाली घातला, दुसऱ्या हातानं ओलं फडकं फिरवलं. कानामागं, काखेत, बोटांच्या बेचक्यात, सगळीकडं. जिथं माणसाला स्वतःलाही लाज वाटते तिथंही तसंच, न घाईनं, न तोंड वाकडं करता. मग पावडर लावली, चादर सुरकुती न ठेवता ओढली. गेल्या वर्षाबद्दल चकार शब्द नाही.

पाच आठवडे, जेव्हा जेव्हा त्याची दिवसपाळी असायची, तेव्हा हे असंच चाललं. सांगायला नको, पण शेजारच्या पलंगावरच्या आजोबांशी शमू हसून बोलायचा तेही मला खपायचं नाही. मला वाटायचं, त्यांना जास्त वेळ देतो.

एकाच चटईवर

तिसऱ्या महिन्याच्या शेवटी घरी आलो. घशाचं भोक बुजलं होतं, घोगरा का होईना आवाज आला होता. हात कोपरापर्यंत हलायचे, बोटं नाही. मान दहा मिनिटं धरली की लटकायची.

पुढच्या खोलीत आईनं मोठी चटई घातली होती. एका बाजूला मी, एका बाजूला बाळी. नाव आईनं ठरवलं होतं, करुणा, पण आमच्यात बाप्तिस्म्याआधी नावानं हाक मारत नाहीत, म्हणून नुसतं बाळी. दोघांना तेल आई लावायची. आधी तिला. दोघांना भरवायची अनिता. आधी तिला. मला नाचणीची पेज चमच्यानं, आणि मी चमचा संपवेपर्यंत ती दुसऱ्या हातानं हिला थोपटायची. अनिताची अंघोळ दुपारी दोनला व्हायची, तीही दार उघडं ठेवून. तिचे डोळे खोल गेले होते. हे मी आता लिहितोय. तेव्हा मला फक्त एवढंच दिसायचं की माझ्या तोंडात घास असताना ती दुसरीकडं बघते.

एका सकाळी बाळी पालथी झाली आणि तिनं मान वर धरली. धरली ती धरलीच, कासवासारखी, इकडं बघ, तिकडं बघ. आईनं टाळ्या वाजवल्या. प्रकाश कामावरून येऊन तिला खांद्यावर घेऊन नाचला. ती त्याच्याकडं गेली की रडायची थांबायची. माझ्याकडं कोणी आणलं की माझ्या आवाजाला घाबरायची.

त्याच आठवड्यात मी फिजिओच्या मॅडमनी हात सोडल्यावर भिंतीला न टेकता बसलो. वीस आकडे मोजेपर्यंत. घाम फुटला होता. मी आईकडं बघितलं. आई पदर तोंडाला लावून रडत होती.

मला टाळ्या हव्या होत्या हो! बेचाळीस वर्षांच्या घोड्याला टाळ्या हव्या होत्या.

नियम म्हणजे नियम

पाळकसाहेब घरी आले, प्रार्थना झाली, चहा झाला. आई म्हणाली, “साहेब, बाळीचा बाप्तिस्मा करून घेऊ आता. तारीख द्या.”

पाळकसाहेब म्हणाले, “कधीही. येत्या रविवारी घेऊ.”

मी म्हणालो, “कसा घ्याल? माझे बारा रविवार कुठं भरलेत? आणि मी बाळ हातात घेऊन उभा राहू शकत नाही.”

“अरे अविनाश, तू आजारी होतास! तो नियम काय तुझ्यासाठी आहे का?”

“नियम म्हणजे नियम, साहेब. पंचाच्या घरी वेगळा आणि लोकांच्या घरी वेगळा, असं नको.”

वाटलं ना, काय तत्त्वाचा माणूस? पाळकसाहेबांनाही तसंच वाटलं. डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, “धन्य आहे तुझी.” आतली गोष्ट मला ठाऊक होती. मला तो दिवस नको होता. मला दिसत होतं काय होणार ते. प्रकाश नवा शर्ट घालून तिला हातात घेऊन पुढं उभा राहणार, मंडळी उभी राहणार, तिच्या डोक्यावर पाणी पडणार, ‘तू देवाचं लेकरू’ असं सगळ्यांसमोर सांगितलं जाणार, आणि मी कोपऱ्यात व्हीलचेअरवर, लाळ पुसायला कोणी आहे का बघत. ते सुख तिला लवकर मिळू नये, असं मला वाटत होतं. बापाला, स्वतःच्या पोरीबद्दल.

असे महिने गेले. दर महिन्याला आई विचारायची, मी बारा रविवार पुढं करायचो. मंडळीत आमच्या तत्त्वाची वाहवा. बाळी रांगायला लागली.

शेवटी अनितानं पकडलं. दुपार होती, आई बाजारात गेली होती. ती मला कुशीवर वळवून स्वच्छ करत होती, हे काम तेव्हाही तिलाच करावं लागायचं. पाठीमागूनच म्हणाली, “अहो, खरं सांगा. तुम्हाला पोर आवडत नाही का?”

तिनं फडकं पिळलं.

“मुलगी झाली म्हणून?”

“नाही गं! तसं नाही.” तोंड भिंतीकडं होतं म्हणून असेल, निघून गेलं तोंडातून. “मला तिचा हेवा वाटतो.”

ती हसली. खरंच हसली आधी. मग हात थांबला. मला वाटलं आता रडेल. ती रडणाऱ्यांतली नाही.

“हेवा?” ती म्हणाली. “कशाचा हेवा? दोघांची ढुंगणं मीच धुते. तिची धुताना मी विचारत नाही की बाई, तू आजवर काय काम केलंस. आणि तुमची धुताना तरी मी काय विचारलं? तुमची सर्व्हिस किती वर्षांची, हे बघून धुते का मी?”

तिनं फडकं बादलीत टाकलं.

“तिला जे मिळतंय तेच तुम्हाला मिळतंय हो. त्याच हातानं. तुम्हाला ते दिसत नाही, कारण तुम्हाला ते कमावलेलं हवंय.” तिनं मला सरळ केलं, चादर ओढली. “आणि मी मेले कामानं. माझा कोणी हेवा करा की!”

ती बादली घेऊन गेली. मला तिथं पडल्यापडल्या इतकी लाज वाटली की मी प्रार्थनासुद्धा करू शकलो नाही.

शमू घरी येतो

मी प्रकाशला सांगितलं, शमूला बोलाव. माझ्या मनात मोठा बेत होता. म्हटलं, आधी शमूच्या मुलाचा बाप्तिस्मा करू, मग माझ्या मुलीचा. मंडळीसमोर चूक कबूल करू. खोटं कशाला बोलू, त्या चित्रातही मी मला जरा मोठाच दिसत होतो.

शमू सुट्टीच्या दिवशी आला, केळी घेऊन. माझी मान बघितली, बोटं दाबून बघितली, खूश झाला. मी घसा खाकरून म्हणालो, “शमू, तुझ्या मुलाचं मी चुकलो. नियम रद्द करायला सांगतो. त्याचा बाप्तिस्मा आधी करू.”

शमू कानकोंडा झाला. “दादा, त्याचा झाला की ओ. मागंच झाला. रावेतच्या मंडळीत.”

मला ऐकून बरं वाटायला पाहिजे होतं. मला राग आला. माझ्याशिवाय झालाच कसा? “तिथं काही विचारलं नाही त्यांनी?”

“विचारलं ना. बाळाचं नाव विचारलं.”

अनिता स्वयंपाकघरातून फसकन हसली. वर्षभर मला वाटत होतं की मी एका पोराला देवाच्या दारात थांबवून ठेवलंय. ते पोर कधीच आत जाऊन खेळत होतं. दारात मीच उभा होतो, तक्ता घेऊन.

“तुला माझा राग आला नव्हता?” मी विचारलं.

“आला होता की. लई आला होता. बायको तर तुमचं नाव घेऊ द्यायची न्हाई घरात.” शमूनं एक केळ सोलून माझ्या तोंडाशी धरलं. “वॉर्डात तुम्हाला बघितलं तवा म्हटलं, देवा, बरा घावला. आता बोलून घेतो.”

“मग बोलला का नाहीस?”

“तुमची मान लटकत होती. म्हटलं, आधी मान धरू, रागाचं नंतर बघू. मग रोजचंच काम झालं, नंतर ते राहूनच गेलं बघा.”

मी केळ खाल्लं. गिळायला वेळ लागला. तो थांबला, घाई केली नाही. मी म्हणालो, “शमू, मला माफ कर.” तो म्हणाला, “खावा आधी. ठसका लागंल.”

मी पाळकसाहेबांना फोन लावायला सांगितला.

रविवार

सगळं मला दिसलं होतं तसंच झालं. प्रकाशनं नवा शर्ट घातला, निळा, वरचं बटण लावून. मंडळी गच्च भरली. शमू मागच्या बाकावर बायको-मुलासकट आला होता. प्रकाश आणि शमूनं माझी व्हीलचेअर धरून चर्चच्या दाराच्या पायऱ्या चढवली. मला कोपऱ्यात नाही, मध्ये ठेवलं. अनितानं बाळीला माझ्या मांडीवर बसवलं आणि ओढणीनं तिला माझ्या पोटाशी बांधलं, कारण माझ्या हातांचा भरवसा नव्हता.

बाळी काकाकडं हात करून रडायला लागली. काय सांगू, त्या क्षणीही झोंबलं. एवढं सगळं कळून, कबूल करून झोंबलं. हेवा गेला नाही, तो माझ्याबरोबर त्या खुर्चीत बसून होता. मी तिच्या डोक्याला हनुवटी टेकवली. तेलाचा वास आला. ती रडत राहिली, मी हनुवटी काढली नाही.

पाळकसाहेब पाण्याचं पात्र घेऊन दोन पायऱ्या उतरून माझ्यासमोर आले. आमच्यात या वेळी बापाला विचारतात की तू या लेकरासाठी काय काय करशील, आणि बाप मोठ्यानं एकेक वचन देतो. बाप कसा बोलतो ते मी पंच म्हणून कान टवकारून ऐकायचो. कोणी अडखळला की मनात खूण करायचो.

“अविनाश,” पाळकसाहेब म्हणाले, “देवानं दिलेल्या या लेकरासाठी तू काय करशील?”

मला सगळी वाक्यं पाठ होती. मी तिला वाढवीन, शिकवीन, हात धरून देवाच्या घरी आणीन. मी तोंड उघडलं आणि मला माझे हात दिसले, तिच्या दोन बाजूंना पडलेले. पोरगी मांडीवर ओढणीनं बांधलेली होती.

“साहेब,” मी म्हणालो, “मला हिच्यासाठी आत्ता काहीच करता येत नाही.”

घोगरा आवाज, पण माइक जवळ होता, सगळ्यांना ऐकू गेलं. पाळकसाहेबांनी हातातलं पुस्तक मिटलं.

“असू दे,” ते म्हणाले, आणि पाण्यात हात बुडवला.